अमेरिकेनं फिलिपिन्सला स्वातंत्र्य ‘भेट’ दिलं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेने फिलिपिन्सला युद्ध न करता, स्वतःहून स्वातंत्र्य दिले हे खरे आहे का? मग ब्रिटिशांनी आपल्याला तसे का दिले नाही?

‘युद्ध न करता’ हे आधी खोडा. फिलिपिनोंचं स्वतःचं, मलोलोस गावी राजधानी असलेलं प्रजासत्ताक 23 जानेवारी 1899 ला स्थापन झालं आणि 4 फेब्रुवारीला मनिलाच्या वेशीवर अमेरिकी फौजेशी लढाई जुंपली. पुरते दोन आठवडेही मिळाले नाहीत. त्याआधीच, डिसेंबर 1898 च्या पॅरिस करारात, स्पेननं 2 कोटी डॉलर घेऊन ती बेटं अमेरिकेच्या हवाली केली होती, आणि त्या टेबलावर एकाही फिलिपिनो माणसाला बसू दिलं नव्हतं. त्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष अग्विनाल्दो मार्च 1901 मध्ये पकडला गेला. पुढे 1907 ते 1919 या काळात स्वतःचा झेंडा लावणंसुद्धा गुन्हा होता. एवढं सगळं गाळून ‘भेट’ म्हणणाऱ्यांशी वाद घालून मी थकलोय, पण आता ‘स्वतःहून’ हा शब्दही आलाय, तेव्हा पुन्हा एकदा.

ज्या अमेरिकी कायद्यानं हे स्वातंत्र्य ठरलं, तो 1934 चा टायडिंग्ज-मॅकडफी कायदा काढा. लोक प्रस्तावना वाचतात आणि भारावून जातात. तसं करू नका. सरळ कलम 6 आणि कलम 8 वर जा.

कलम 6 व्यापाराचं. दहा वर्षांच्या संक्रमणकाळात फिलिपिन्समधून अमेरिकेत जकातीशिवाय काय आणि किती जाईल ते इथे मोजून दिलंय. शुद्ध साखर वर्षाला 50,000 लाँग टन, कच्ची साखर 8,00,000 लाँग टन, खोबरेल तेल 2,00,000 लाँग टन, अबाका या केळीसारख्या झाडाच्या तंतूचे दोर वगैरे 30 लाख पौंड. त्यावर एक पौंड जरी गेला तरी पूर्ण जकात. उलट दिशेनं, अमेरिकेतून मनिलात येणाऱ्या मालाला ना जकात, ना मर्यादा. शिवाय सहाव्या वर्षापासून फिलिपिन्सनं आपल्याच निर्यातीवर कर लावायचा: आधी 5 टक्के, मग दरवर्षी 5 ची भर घालत 25 टक्क्यांपर्यंत. तो पैसा कुठे जाणार? सरकारी रोख्यांचं कर्ज फेडायला. म्हणजे निघून जाताना घरमालकानं भाडेकरूकडून रंगाचेही पैसे वसूल करावेत, तसं.

कलम 8 माणसांचं. फिलिपिनो लोक तोवर अमेरिकेचे ‘नॅशनल’ होते, म्हणजे नागरिक नाहीत पण परकेही नाहीत, जाऊ-येऊ शकत होते. कायदा स्वीकारल्याबरोबर ते परदेशी ठरले आणि अमेरिकेत स्थलांतराचा वर्षाचा कोटा पडला 50. पन्नास हजार नाही, पन्नास. हवाईच्या ऊसमळ्यांना मजूर लागत होते म्हणून त्यांच्यापुरती पळवाट ठेवली, पण तिथून पुढे मुख्य भूमीवर जायला बंदी. स्वातंत्र्य मिळायला अजून बारा वर्षं होती, तरी माणसं त्याच वर्षी परकी झाली.

हे आकडे कुणी मागितले ते पाहिलं की ‘स्वतःहून’चा अर्थ लागतो. कोलोरॅडो, युटाकडचे बीट पिकवणारे शेतकरी, ज्यांना मनिलाची बिनजकात साखर नको होती. क्यूबाच्या साखरेत पैसे गुंतवलेल्या बँका. दुधाचा धंदा करणारे, कारण खोबरेलापासून मार्गारीन बनायचं आणि लोणी पडून राहायचं. सरकीचं तेल काढणारे. आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या कामगार संघटना. 1930 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला फिलिपिनो शेतमजुरांवर गोऱ्या जमावानं हल्ले केले होते, तेच वातावरण. मंदीच्या दिवसांत या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं: फिलिपिन्सला जकातीच्या भिंतीबाहेर काढा. आणि एखाद्या देशाला भिंतीबाहेर काढायचं तर त्याला स्वतंत्र करणं हाच सभ्य मार्ग. त्याच वर्षी खोबरेलावर पौंडामागे 3 सेंटचा प्रक्रिया-करही बसवला, म्हणजे बिनजकात दिलेल्या कोट्यातली हवा दुसऱ्या दारानं काढली.

साखरेच्या कोट्याची आणखी एक गंमत आपल्याकडच्या ऊसवाल्यांना लगेच कळेल. कोटा कारखान्यांना मागच्या उत्पादनाच्या प्रमाणात वाटला आणि प्रत्येक कारखान्याचा हिस्सा पुन्हा कारखाना आणि ऊस घालणारा मळेवाला यांच्यात करारातल्या वाट्यानुसार. म्हणजे कोटा ही मालमत्ता झाली. ज्याच्याकडे आधीपासून गाळप होतं त्याचं बस्तान पक्कं. नवीन माणसानं ऊस लावून करायचं काय? नेग्रोस आणि पांपांगा या ऊसपट्ट्यांतले जमीनदार उगाच खूश नव्हते.

आता मनिलाची बाजू, कारण तिथेही सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते. 1931 मध्ये ओस्मेन्या आणि रोहास हे मनिलाचे नेते वॉशिंग्टनला गेले आणि जानेवारी 1933 मध्ये अमेरिकी अध्यक्ष हूवरचा नकाराधिकार मोडून स्वातंत्र्याचा पहिला, हेअर-हॉज-कटिंग कायदा मंजूर करवून घेतला. त्यांचा प्रतिस्पर्धी नेता केसोन, त्याला श्रेय दुसऱ्याला जाणं परवडणारं नव्हतं. त्यानं मनिलाच्या विधिमंडळाकडून तो कायदा फेटाळून लावला, स्वतः वॉशिंग्टन गाठलं आणि टायडिंग्ज-मॅकडफी घेऊन परतला. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा. ठळक फरक एकच: लष्करी तळ ठेवण्याची तरतूद गेली, नौदलाच्या तळांचं नंतर बोलून ठरवायचं झालं. साखर तीच, खोबरेल तेच, पन्नासचा कोटा तोच. 1935 मध्ये केसोन राष्ट्राध्यक्ष झाला, ओस्मेन्या उपराष्ट्राध्यक्ष. या वाटाघाटींत कुळांना कुणी विचारलं नाही. त्या वर्षी मे महिन्यात लागुना-बुलाकानकडे साकदाल या गरीब शेतकऱ्यांच्या चळवळीचा उठाव झाला; ‘दहा वर्षं कशाला, आत्ताच द्या’ ही त्यांची मागणी होती. तो दोन दिवसांत चिरडला गेला.

4 जुलै 1946 ला स्वातंत्र्य आलं तेव्हा मनिला जमीनदोस्त होती. त्याच वेळी बेल व्यापार कायदा हा अमेरिकी कायदा पुढे ठेवला गेला. पेसो एका डॉलरला 2 या दरानं बांधला, तो बदलायचा तर अमेरिकी अध्यक्षाची संमती. 1935 च्या राज्यघटनेत नैसर्गिक संपत्तीवरच्या कंपन्यांत 60 टक्के भांडवल फिलिपिनोंचं हवं असं होतं. अमेरिकनांसाठी ती अट सैल करायची. युद्धात घर पडलं त्याची 500 डॉलरवरची भरपाई मात्र हा करार मान्य झाल्याशिवाय नाही. त्यासाठीच्या घटनादुरुस्तीला फिलिपिन्सच्या प्रत्येक सभागृहाची तीन-चतुर्थांश मतं लागत. सिनेट 24 ची, म्हणजे 18 हवीत. निवडणुकीतल्या गैरप्रकारांच्या आरोपावरून 3 सिनेटरांना आणि खालच्या सभागृहात डेमोक्रॅटिक अलायन्स या डाव्या आघाडीच्या प्रतिनिधींना बसूच दिलं नाही. उरले 21, त्यांचे तीन-चतुर्थांश 16. बाजूनं मतं पडली 16. मार्च 1947 मध्ये जनमत झालं आणि त्याच आठवड्यात अमेरिकी लष्करी तळांचा 99 वर्षांचा करारही. ओवाळणीच्या ताटातून उलटे पैसे उचलल्यासारखं आहे हे.

न्यायानं हेही सांगायला हवं की अमेरिकेत साम्राज्याला मनापासून विरोध करणारे लोक 1898 पासून होते, 1916 च्या जोन्स कायद्यात स्वातंत्र्याचं वचन होतं आणि मनिलाची शिष्टमंडळं 1919 पासून तेच वचन घेऊन दार ठोठावत होती. 1907 पासून निवडलेली असेंब्लीही होती, जरी मत द्यायला स्पेनच्या काळातलं पद, 500 पेसोंची मालमत्ता किंवा वर्षाला 30 पेसो कर, नाहीतर इंग्रजी किंवा स्पॅनिश लिहिता-वाचता येणं लागायचं. बायकांना तर मताचा हक्क 1937 मध्ये, तेही फक्त बायकांचं जनमत घेऊन: किमान 3,00,000 होकार हवेत अशी अट होती, आले 4,47,725.

ब्रिटिशांनी तसं का केलं नाही? थोडक्यात, लँकेशायरच्या कापडगिरण्यांना हिंदुस्थान गिऱ्हाईक म्हणून हवा होता. आपल्या मालाला घाबरून ‘यांना बाहेर काढा’ म्हणणारा बीट-शेतकऱ्यांसारखा जोरकस गट लंडनमध्ये नव्हता. सैन्य, कर्ज वगैरे आणखी कारणं आहेत.

आणि पुढच्या वेळी कुणी 4 जुलैची तारीख दाखवून ‘भेट’ म्हणालं, तर त्याला मे 1962 बद्दल विचारा. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं युद्धभरपाईचे राहिलेले 7 कोटी 30 लाख डॉलर नाकारले आणि अवघ्या काही दिवसांत फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष मकापागाल यानं स्वातंत्र्यदिन 4 जुलैवरून काढून 12 जूनवर नेला, कावित गावी 1898 मध्ये स्वातंत्र्य जाहीर करून झेंडा फडकला त्या तारखेवर.