तुला प्रत्येक झाड खायचंच का असतं?

मनू,

शनिवारी तू जे बोललीस त्यावर मी गप्प बसले, म्हणून तुला वाटलं असेल आई चिडली. चिडले नव्हते गं. म्हणजे थोडी चिडले होते, खोटं कशाला बोलू. पण त्यापेक्षा उत्तरच सुचलं नाही, आणि आता रात्री सगळे झोपल्यावर सुचतंय, नेहमीसारखं. सावकाश वाच, एखादा शब्द अडला तर बाबांना विचार, त्यांना पण अडला तर मला.

झालं काय होतं, की आपण इथे जर्मनीत जंगलातून चाललो होतो, तुझ्या दोन मैत्रिणी आणि त्यातल्या एकीची आई सोबत, आणि झाडांखाली बघावं तिकडे बेअरलाउख, म्हणजे इथला रानलसूण, माजलेला, काय तो लसणाचा वास, आणि मी नेहमीप्रमाणे पिशवी काढून खाली बसले. त्या काकू जरा घाबरल्या, की अशीच दिसणारी दुसरी पानं विषारी असतात. त्या बरोबरच बोलत होत्या, पण मला आपल्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी शिकवलंय, की बेअरलाउखचं प्रत्येक पान आपापल्या देठावर एकेकटं जमिनीतून वर येतं आणि त्या विषारी माइग्लोकशनची, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीची, पानं एका दांड्यावर जोडीने येतात. मी तेच त्यांना दाखवत होते आणि तू एकदम म्हणालीस, "आई, तुला प्रत्येक झाड खायचंच का असतं? नुसतं बघता येत नाही का तुम्हा लोकांना?"

"तुला" पर्यंत ठीक होतं. "तुम्हा लोकांना" जरा लागलं.

पण मग मी खरंच विचार केला, की आमच्या घरात लहानपणी झाडाकडे बघून कोणी "किती सुंदर" म्हटल्याचं मला आठवतं का. नाही आठवत. मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडे पांगारा फुलतो, अंगावर एक पान नाही आणि नुसती लालभडक फुलं, सावरीचंही तसंच, इथे असतं तर लोक गाड्या थांबवून फोटो काढत बसले असते. आमच्याकडे त्याच्याखालून शाळेत जायचं, बस. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, तिला रंग म्हणजे निरोप वाटायचा. बोंड पिवळं किंवा लाल झालं म्हणजे काजू तयार, करवंद काळं झालं म्हणजे चला टोपल्या काढा, रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, लाल झाला की सोलांची गडबड. मी कुठे टक लावून उभी राहिले की म्हणायची, "बघतंस काय गो नुसता, खाऊन बघ."

आणि आमचा वसंत म्हणजे तुझ्या डोळ्यासमोर जो येतो तो नव्हे हं. इथे स्प्रिंग म्हणजे थंडी संपली, जॅकेट काढा. आमच्याकडे चैत्र-वैशाख म्हणजे घामाच्या धारा, विहिरीचं पाणी खाली गेलेलं, आणि त्यातच कुठून कोण जाणे झाडांना नवी पालवी. पिंपळाची तर तांब्यासारखी, ऊन पडलं की आरपार दिसायची. (हे बघ, हे मी नुसतं बघितलंय. पिंपळ आमच्याकडे कोणी खात नाही.)

त्या दिवसांत परसातली भाजी संपलेली असायची, पाणीच नसायचं ना. मग जे झाडावर आहे ते ताटात. कुयरीची भाजी, म्हणजे कोवळा फणस, तो कापायच्या आधी विळीला आणि हातांना खोबरेल लावायचं नाहीतर चिकाने सगळं लडबडतं. कैरीचं पन्हं, कैरीची डाळ, शेवग्याच्या शेंगा, ओल्या काजूची उसळ. आता इथे ऑफिसात लोक सीझनल, प्लांट-बेस्ड वगैरे म्हणतात ना तेव्हा मला आत हसू येतं, आजीने ते काही ठरवून केलं नव्हतं, दुसरं काही नव्हतं म्हणून केलं होतं. मी पण उगाच भाव खाऊन तुला सांगते की आम्ही किती छान खायचो, पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी परत कुयरी बघून मी रडायचे आणि बाळामामा मुंबईहून क्रीमची बिस्किटं कधी आणतोय याची वाट बघायचे.

आणि काजू. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं बहुतेक. ओला काजू सोलणं म्हणजे शिक्षा असते. हिरवं साल, त्यात तेलकट चीक, तो कातडीला लागला की भाजल्यासारखं होतं. आजी बी उभी धरून कोयत्यावर दाबायची, दोन फाकी व्हायच्या, आणि मी बसून काडीने आतला गर अलगद काढायचे, अख्खी पाकळी निघाली पाहिजे, तुटली की ती विकायची नाही, घरात. गर शेकड्यावर विकायचे, त्यामुळे मला शंभरपर्यंत आकडे शाळेच्या आधी तिथेच पाठ झाले. हाताला राख किंवा तेल फासायचं, तरी बोटं काळी पडायचीच आणि मग आठवड्याने सालं निघायची, अगदी सापाच्या कातीसारखी. पाचवीत मी वाडीतली शाळा सोडून मोठ्या शाळेत गेले तेव्हा बाकावर शेजारी बसलेली मुलगी माझे हात बघून सरकून बसली. मी घरी येऊन आजीला सांगितलं, मी काजू सोलणार नाही, तुमचं तुम्ही सोला.

"तुमचं तुम्ही." शनिवारी मला हेच आठवलं बघ, तुझा चेहरा तसाच लाल झाला होता. आजी तेव्हा काही बोलली नाही. तिने पुढे मला सोलायला बसवलं नाही, पण उसळ केली की पहिली वाटी मलाच. मी खायचे. लाज वाटायची आणि खायचे.

बरं, ज्याला आपण "आपलं, परंपरेचं" म्हणतो तो काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलकडून आणलेला आहे, म्हणजे आजीच्या कुठल्यातरी खापरपणजीला तो असाच विचित्र परदेशी वाटला असणार. तेव्हा मी काही तुला संस्कृती वगैरे शिकवत नाहीये. इथले लोक तरी काय कमी आहेत, पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्परॅगस, आला की दोन महिने दुसरं बोलत नाहीत आणि २४ जूनला बंद म्हणजे बंद. खालच्या आजी तर मला बेअरलाउख कुठे मिळेल ते हळू आवाजात सांगतात, सोन्याची खाण असल्यासारखं.

पाडव्याचं पण सांगून टाकते. यंदा, २०२५ मध्ये, ३० मार्चला पाडवा आणि त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली, आणि मी तुला त्या अर्धवट झोपेत कडू पानं खायला लावली. तो कडुनिंब नव्हता. कडुनिंब मिळालाच नाही, म्हणून बागेतली डँडेलियनची कोवळी पानं धुऊन, गूळ, जिरं, हिंग, चिंच घालून वाटली. कडू लागली ना, मग झालं. तू विचारलंस सणाच्या दिवशी कडू का, आणि मी काहीतरी आरोग्याचं सांगितलं, ते मी आदल्या रात्री फोनवर वाचलं होतं. आजीला मी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "खायचा असता." एवढंच. आणि मग गाठीतली साखर तोडून हातात दिली होती. मला ते उत्तर तेव्हा पटलं नव्हतं, तुला पण पटायची गरज नाही.

पण तू विचारलेलं डोक्यातून जात नव्हतं, नुसतं बघता येत नाही का. मग मला सुरंगी आठवली. मागच्या खेपेला विनूमामाने दाखवली होती ती, तू गाडीतून उतरली नव्हतीस, असो. तिची फुलं फांदीलाच चिकटून येतात, झुबकेच्या झुबके, आणि वास इतका की झाड दिसायच्या आधी कळतं. सकाळी लवकर काढायची, उन्हं चढायच्या आत, मधमाश्यांचा नुसता घोंगाट. आजी ती वळून वेणी करायची, काही विकायची, आणि एक स्वतःला. ही एकच गोष्ट मी तिला न खाता, न विकता, नुसती जवळ ठेवताना बघितली. सुकली तरी वास जात नाही, ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवायची. ती ट्रंक अजून गावच्या घरात आहे, मी गेले की उघडते, आता वास येतो की मला येतोसा वाटतो ते माहीत नाही.

तर नाही असं नाही, बघता यायचं. फक्त आमच्याकडे बघणं आणि खाणं यांचे दोन वेगळे कप्पे नव्हते. करवंदाचंच घे. काळं करवंद हातात घेतलं की समोरच्याला विचारायचं, कोंबडा की कोंबडी? त्याने काहीतरी सांगायचं, मग अर्धं चावायचं आणि आत बघायचं, लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. बाहेरून काही कळत नाही, सगळी सारखीच काळी. आम्ही दुपारभर तेच करायचो, ओठ चिकाने चिकट, पायाला काटे, आणि बाळामामा दर वेळी कोंबडाच सांगायचा. तुला मी हे मे महिन्यात दाखवणार होते पण तुमची सुट्टी जुलैला लागते आणि तोवर पाऊस येऊन सगळं संपलेलं असतं, हे माझं दरवर्षीचं रडगाणं.

चुकलं ते हे, की तुझ्या मैत्रिणींसमोर पिशवी काढून बसायच्या आधी मी विचारायला हवं होतं तुला, चालेल का म्हणून. ते मान्य. पानं फ्रीजमध्ये आहेत, ओलं खोबरं घालून चटणी केली आहे, खा नाहीतर नको खाऊस, बाबा आहेत संपवायला.

रविवारी तुम्ही ते गुलाबी चेरीचे रस्ते बघायला जाणार आहात ना, मी पण येते. पिशवी आणणार नाही, शप्पथ. फक्त त्या झाडांना जूनमध्ये चेऱ्या धरतात की ती नुसतीच फुलतात, तेवढं तुझ्या टीचरना विचारून ठेव.

आई