आरसा पेशंटच्या हातात द्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी पत्रं दोन्ही बाजूंची आहेत. काही डेंटल खुर्चीवर बसणाऱ्यांची, काही त्या खुर्चीशेजारी काम करणाऱ्यांची. ती वेगळी काढली नाहीत. पेशंटच्या शंका डेंटिस्टनी वाचाव्यात आणि डेंटिस्टच्या अडचणी पेशंटनी, असं मला मनापासून वाटतं.

दवाखाना सुरू करून आठ महिने झाले. दाढ दुखते म्हणून पेशंट येतात, दुखणं थांबलं की फिरकत नाहीत. कितीतरी रूट कॅनाल अर्धवट पडलेत, कॅप राहिल्यात. जाहिरात वाढवू का?

नको. नवे पेशंट येतील आणि तेही असेच अर्ध्यावर निघून जातील.

तुमचा पेशंट पहिल्यांदा येतो तो रात्रभर न झोपता. दाताच्या आतली नस सुजली की तिला पसरायला जागाच नसते, चहूबाजूंनी कठीण भिंती. म्हणून ती जीवघेणी कळ. तुम्ही दात उघडता, आतला दाब मोकळा होतो आणि त्याच्या लेखी आजार तिथेच संपतो. नेमकं तेव्हाच, ओठ बधिर आणि तोंडात कापूस असताना, आपण त्याला सांगतो, "अजून दोन सिटिंग, मग कॅप." तो मान डोलावतो. दुसरं काय करणार? बोलता तर येत नसतं.

तर आधी खुर्ची सरळ करा. मास्क खाली घ्या, त्याच्या समोर बसा आणि हातआरसा त्याच्या हातात द्या. एक्स-रेवरचा मुळाजवळचा काळा डाग बोटाने दाखवा. मग सांगा: "तुमचं दुखणं थांबलंय, आजार अजून आत आहे. वर घातलंय ते तात्पुरतं सिमेंट. ते झिजलं की लाळ आत जाईल आणि लाळेबरोबर जंतू." कॅपचंही कारण सांगा. दाढ आधीच कीड लागून पोखरलेली असते, उपचारासाठी आपण ती आणखी उघडतो. चावताना तिला मुळापर्यंत उभी चीर गेली तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते. हे समजलेला माणूस परत येतो. सगळे येत नाहीत, पण पुष्कळ येतात.

दुसरी गोष्ट, पहिल्याच दिवशी अकरा दातांची यादी हातात देऊ नका. तीन गट करा: आता करायचं, काही महिन्यांत करायचं आणि नुसतं लक्ष ठेवायचं. हा तिसरा गट सगळ्यात मोलाचा. दातावर नुसता पांढरट डाग असेल, खड्डा पडला नसेल, तर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंग यांवर ती कीड तिथेच थांबू शकते. "इथे आज काही करायला नको," हे वाक्य डेंटिस्टच्या तोंडून ऐकायला मिळेल अशी पेशंटची अपेक्षाच नसते. ते ऐकलं की तो पहिल्या दोन गटांवरही विश्वास ठेवतो.

आणि दात काढल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करा. स्वतः करा. रिसेप्शनवरून गेलेला फोन लोकांना तगादा वाटतो.

स्केलिंग केल्यापासून दातांत फटी दिसतात आणि पुढचे दात हलल्यासारखे वाटतात. उगीच केलं का?

उगीच नाही. फटी आधीपासून होत्या, फक्त बुजलेल्या होत्या. दातांवरचा चिकट थर वेळेवर निघाला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साचत जातं आणि त्याचा दगड बनतो. हे कीट मग ब्रशला दाद देत नाही. त्याच्या आडोशाला हिरडी सुजलेली राहते आणि आतलं हाड हळूहळू झिजतं. दात सैल होतो तो या हाडामुळे. कीट दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं, त्यामुळे ते असेपर्यंत सैलपणा जाणवत नाही, इतकंच. ते काढलं, सूज उतरली, हिरडी आक्रसली, की खरं चित्र दिसतं. थंड लागल्यावर होणारी शिणशिण बहुधा काही दिवसांत कमी होते. दात खरंच हलत असतील तर मात्र दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली मोजून घ्या. मधुमेह असेल तर साखरही तपासा, कारण या दोन आजारांचं साटंलोटं आहे. एक बिघडला की दुसराही आवरत नाही.

डेंटिस्ट मंडळी, हे सगळं स्केलिंगच्या आधी सांगायचं असतं. नंतर सांगितलेलं कारण पेशंटला सारवासारव वाटते.

सहा वर्षांच्या मुलीच्या सगळ्यात मागच्या दाढेवर काळं दिसतंय. ती पडणारच आहे ना? मग भरून कशाला घ्यायची?

ताई, आधी मोजा. तिला आ करायला सांगा आणि खालच्या दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत मागे जा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. काळी दिसणारी दाढ सहावी असेल तर ती कायमची आहे आणि तिला आयुष्यभर टिकायचंय. ही दाढ कुठलाही दुधाचा दात न पाडता, गुपचूप मागे उगवते. त्यामुळे भल्याभल्या आईबापांना तिचा पत्ता लागत नाही. तिच्या खाचा खोल असतात, कीड तिथेच घर करते. या आठवड्यातच दाखवून आणा. काळं म्हणजे कीडच असं नाही, कधी नुसता डाग असतो, पण ते बघितल्याशिवाय ठरत नाही. उरलेल्या तीन कोपऱ्यांतल्या अशा दाढांच्या खाचा सीलंटने बंद करता येतील का, तेही विचारा.

पाचवी निघाली तरी सोडून देऊ नका. ती साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत राहते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा राखते. लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही.

घरी किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या. ब्रश झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. पेस्टचा थोडा अंश दातांवर राहिलेला हवा असतो. आणि रात्रीचा ब्रश अजून वर्ष-दोन वर्षं तुमच्याच हातचा असू द्या.

मी दवाखान्यात रिसेप्शनला आहे. रोज संध्याकाळी तासभर उशीर होतो आणि बोलणी मला खावी लागतात.

कारण तुमच्या वहीत प्रत्येकाला सारखाच वेळ आहे. टाके काढणं आणि दाढेचा रूट कॅनाल एकाच मापाच्या खणात बसणार नाहीत. कामानुसार वेळ द्या, भूल चढायला लागणारी मिनिटं त्यात धरा, सकाळ-संध्याकाळ एकेक जागा अचानक दुखणं घेऊन येणाऱ्यासाठी रिकामी ठेवा. उशीर होणार हे कळताच फोन करा. आणि हे पत्र तुमच्या डॉक्टरांच्या टेबलावर राहू द्या.

ऑटोक्लेव्हच्या (वाफेने हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनच्या) पाऊचवरचा रंग बदलला म्हणजे हत्यारं निर्जंतुक झाली असं धरायचं ना?

नाही. त्या पट्टीवरून कळतं ते एवढंच की पाऊच आत जाऊन तापून आलंय. वाफ हत्याराच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचली का, हे तिला माहीत नाही. १२१ अंशांना १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं हा हिशेब वाफ थेट भिडली तरच खरा. हँडपीसच्या, म्हणजे दात कोरणाऱ्या हत्याराच्या, नळीत हवा अडकली, रक्त वाळून चिकटलं किंवा पाऊच एकावर एक कोंबले, तर तो फसतो. म्हणून आधी घासणं-धुणं आणि दर आठवड्याला स्पोअर टेस्ट. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या चिवट जंतूचे बीजाणू ठेवतात. ते मेले तर मशीन ठीक. पाऊच ओला बाहेर आला तर हत्यारं नव्या पाऊचमध्ये भरून परत मशीनमध्ये घाला, ओल्या कागदातून जंतू आत शिरतात.

आणि तो पाऊच पेशंटच्या डोळ्यांदेखत फाडा. फाडल्याचा तो आवाज त्याला ऐकू जाऊ द्या.

वाकड्या मुळात फाइलचं (रूट कॅनालमध्ये मुळाची नळी साफ करणाऱ्या बारीक सुईसारख्या हत्याराचं) टोक तुटून अडकलं. दाढ दुखत नाहीये. पेशंटला सांगावं का?

आजच सांगा. तुमचं पत्र वाचून मला माझी सुरुवातीची वर्षं आठवली. खालच्या दाढेचं पुढचं मूळ, शेवटाकडे चांगलंच वळलेलं. फाइल बाहेर काढली तर आखूड वाटली. दुसऱ्या फाइलशेजारी धरून पाहिली, टोक गायब. मी वरून नीट भरलं आणि म्हणालो, "काम छान झालं." दोन वर्षांनी त्या गृहस्थांनी भलत्याच कारणासाठी दुसरीकडे एक्स-रे काढला. फिल्म घेऊन ते माझ्याकडे आले. मुळाच्या टोकाशी लख्ख पांढरी रेघ. "दाढ काही दुखत नाहीये, डॉक्टर," ते म्हणाले, "पण तुम्हाला माहीत होतं ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या घरातलं कुणी नंतर माझ्याकडे आलं नाही. ती दाढ, माझ्या माहितीप्रमाणे, कधीच दुखली नाही.

निकेल-टायटॅनियमची फाइल वळणात फिरता फिरता थकते आणि कधी सूचना न देता तुटते. चांगल्या हातांतही तुटते. तुकड्याच्या धातूने सहसा बिघडत नाही. तुकड्यापलीकडे जंतू किती राहिलेत, त्यावर दाढेचं पुढचं ठरतं. मूळ बरंचसं साफ झाल्यावर तुटली असेल तर आशा चांगली. सुरुवातीलाच तुटली असेल आणि मुळाशी पू असेल, तर धोका जास्त. बाजूने वाट काढणं, मायक्रोस्कोपखाली तुकडा काढणं, आहे तिथे ठेवून भरणं आणि एक्स-रेने लक्ष ठेवणं, हे रस्ते त्याच्यासमोर मांडा. काढताना मुळाची भिंत पातळ होते, हेही सांगा. रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवायचं असेल तर चिठ्ठी आणि एक्स-रे सोबत द्या. केसपेपरवर दात, मुळातली कुठली नळी, तुकड्याची लांबी आणि पेशंटला सांगितल्याची तारीख लिहा. फाइलच्या कंपनीवर खापर फोडू नका. तुटली तेव्हा ती तुमच्या हातात होती.

दर सहा महिन्यांनी तपासणी सगळ्यांनाच लागते का?

नाही. सहा महिने हा आकडा सवयीने रूढ झालाय. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी हे अंतर धोक्यानुसार ३ ते २४ महिने, तर १८ वर्षांखालच्यांसाठी ३ ते १२ महिने ठेवलंय. हिरडीचा आजार, मधुमेह, तंबाखू, तोंड कोरडं पाडणारी औषधं असतील तर लवकर या. तपासणी संपली की "माझ्या तोंडासाठी किती महिने, आणि का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. पण जिभेच्या कडेला किंवा गालाच्या आत आलेला फोड, लाल किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दुखत नसला तरी लगेच दाखवा.