एकतिसावं लेकरू

प्रिय बाई,

तू तांड्याच्या शाळेवर शिक्षिका झालीस, आता तिथं लहानथोर सगळे तुला बाईच म्हणणार, मग तुझा जुना गुरुजी म्हणून मीच कशाला मागं राहू?

तुझा फोन आला तेव्हा मी शेतात होतो, निम्मं बोलणं वाऱ्यात गेलं. जे कळलं ते असं : शाळेचा पट 29 आहे. 31 झाला तर अनुदान 10,000 वरून 25,000 वर जातं. म्हणून परळीत शिकणाऱ्या दोन पोरांची नावं इथं लावून टाका, असा तांड्यावरूनच आग्रह आहे. हिशेब तुझा बरोबर आहे. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटाप्रमाणं पायऱ्यांनी चढतं. 30 पर्यंत 10,000, पुढं 100 पर्यंत 25,000, मग 250 पर्यंत 50,000. त्यातलेही दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. एका लेकराच्या अंतरानं 15,000 रुपये इकडचे तिकडं होतात, तेव्हा मोह होणारच.

पण ती नावं लावू नको. का, ते माझ्यावरूनच सांगतो. 2011 च्या ऑक्टोबरात, 3 ते 5 तारखेला, राज्यभर पटपडताळणी झाली, म्हणजे पटावरची लेकरं खरंच शाळेत आहेत का ते पथकांनी मोजलं. त्याची सुरुवात आपल्याच मराठवाड्यातली. नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशींनी ती आधी करून दाखवली होती. माझ्या कॅटलॉगात, म्हणजे हजेरीपटात, चार नावं अशी होती की ती लेकरं कधीच गाव सोडून गेलेली. काढली तर एक पद जाईल, या भीतीनं मी रोज हजेरी मांडत होतो. पथकातले लोक बोटांना शाई लावत रांगेनं पुढं सरकले, त्या चौघांची नावं पुकारली, आणि तिसरीच्या ओळीतून तू उठून म्हणालीस, "गुरुजी, ते तर संभाजीनगरला राहतेत." तुला वाटलं, गुरुजी विसरले. मला पुढं नोटीस आली, खुलासा दिला, ते सगळं निस्तरलं. तुझ्याकडं बघायला मात्र आठवडा लागला.

आता साहेब लोक तुला एक हिशेब ऐकवतील, तो पाठ करून ठेव. दर लेकरामागं बघितलं तर लहान शाळेलाच जास्त मिळतं. 20 च्या पटाला 10,000, म्हणजे डोई 500 रुपये. हजारावर पट असलेल्या शाळेला एक लाख, म्हणजे डोई शंभरसुद्धा नाहीत. हे खोटं नाही. पण पत्रे गळतात ते डोई मोजून गळत नाहीत. लाइटचं मीटर एक, पाण्याची टाकी एक, संडासाचं दार एक, आणि त्याची कडी 20 लेकरांतही मोडते नि 200 लेकरांतही. शिक्षकांचंही तेच. शिक्षण हक्क कायद्यानं 60 पर्यंत दोन शिक्षक दिले, वर्ग चार. एकजण तालुक्याला मीटिंगला गेला की उरलेल्यानं चारही वर्ग सांभाळायचे. सूत्र डोकी मोजतं, शाळेचा खर्च छपराला लागतो. मीटिंगमध्ये तोंड उघडायची वेळ आली तर एवढंच बोल, रडगाणं नको.

आणि 29 वर निवांतही राहू नको. 2017 मध्ये 10 च्या आत पट असलेल्या 1,314 शाळा बंद करायचं निघालं होतं. 2023 मध्ये 20 च्या आतल्या शाळा एकत्र करून एकच समूह शाळा काढायची टूम आली. 29 ला 20 व्हायला दोन-तीन उन्हाळे पुरतात.

म्हणून खोटी दोन नावं सोड, खरी तीन वाचव. पट 29, पण आधार वैध 26 च, असं तू ओझरतं बोललीस. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. शाळेला शिक्षक किती ते ज्यात ठरतं, त्या संचमान्यतेत वैध आधारवालीच लेकरं धरतात. वर्गात बसलेलं, खिचडी खाणारं लेकरू सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर नसतं. एकाचं आडनाव शाळेत राठोड नि आधारवर राठौड असेल, एकाची जन्मतारीख 1 जानेवारी पडली असेल. हे जनरल रजिस्टर घेऊन बसलं की एका दिवसात कळतं, दुरुस्तीला मात्र आईबाप लागतात. तिसरं लेकरू बहुतेक ऊसतोडीच्या फडावर जन्मलेलं निघेल. जन्म सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात, नोंद कुठंच नाही. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय जन्माची नोंद होत नाही. दाखला नसला तरी प्रवेश नाकारायचा नाही असं कायदा सांगतो, आणि पोर्टल त्याच लेकराला मोजत नाही. यावर हसायचं की रडायचं ते तूच ठरव, पण अर्ज आत्ताच टाक.

सगळं 17 सप्टेंबर ते 30 सप्टेंबर या दिवसांत उरक. मुक्तिसंग्रामाच्या झेंडावंदनाला तांडा भरलेला असतो. 30 ला पटाचा आकडा गोठतो. दसरा झाला की मुकादम दिलेली उचल वसूल करायला दारात उभा, आणि कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, हलतात. त्याच पंधरा दिवसांत आजीजवळ कोण राहणार, आईबापाबरोबर कोण जाणार, याची यादी कर. राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, जाणाऱ्यांच्या हातात, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून, शिक्षण हमी कार्ड. तांड्याच्या नायकाला सोबत घेऊन घरोघर फिर, एकटी गेलीस तर पोराऐवजी चहाच मिळेल.

पैशाचं थोडक्यात. अनुदान हातात येत नाही, खात्यावर खर्चाची मर्यादा येते, तीही बहुधा मार्चच्या तोंडावर, आणि 31 तारखेला उरलेली परत जाते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव नि दुकानदारांची दरपत्रकं डिसेंबरातच करून ठेव. पत्र्यांसाठी ग्रामपंचायतीचा आराखडा गाठ, वित्त आयोगाच्या अबंधित निधीत, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या पैशांत, ते बसतं. ग्रामसभेत तू नको बोलूस, लेकरांच्या आयांना बोलू दे. आणि तुझ्या 16,000 च्या मानधनातून फिनेल आणू नकोस. मी आणायचो, पण मला पगार होता, आणि मी आणतोय म्हटल्यावर दुसऱ्या कुणी कधी आणलं नाही.

एक राहिलं. तू रुजू झालीस त्या दिवशी मी सोबत आलो होतो. हापशापाशी एक पोरगी कडेवर भाऊ घेऊन उभी होती, आठ-नऊ वर्षांची असेल. शाळा भरलेली होती. ती तुझ्या 29 मध्ये आहे का?

तुझे,
गुरुजी