१९५५ शेव्हरोले नोमॅड वॅगनच्या १:२५ मापाच्या मॉडेलला दुरंगी रंग देताना सीमारेषा फाटते, रंग पसरतो. काय करावे?

फिका रंग आधी द्या, म्हणजे पांढरे छत, आणि तो २४ तास वाळू द्या. मास्किंग टेप लावून तिची कड नखाने दाबा. मग त्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचाच अगदी पातळ हात फिरवा. टेपखाली काही झिरपलेच तर पांढरेच झिरपेल. त्यानंतर गडद रंगाचे दोन-तीन पातळ हात. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधीच, मागे दुमडून सावकाश सोलून काढा. कडक झाल्यावर ओढली तर कड तुटते, बहुधा तुमचे तेच होत असावे.

नोमॅडच्या छतावर आडव्या खाचा आहेत. जाड प्रायमरने (रंगाआधीच्या अस्तराने) त्या बुजतात आणि मग गाडीची ओळखच जाते, म्हणून प्रायमर पातळच मारा. त्याआधी साच्याची रेघ (साच्याच्या जोडामुळे उठलेली बारीक रेघ) ४०० आणि मग ८०० च्या पॉलिशपेपरने घासा, बॉडी भांड्यांच्या साबणाने धुवा.

एनॅमलवर (सावकाश वाळणाऱ्या रंगावर) लॅकर (तीव्र द्रावकाचा, झटपट वाळणारा रंग) कधीच नको, खालचा थर सुरकुततो. कोकणात पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरड्या दिवशीच फवारा. वॅगनला बाजूच्या काचा लांबलचक, त्या फेविकॉलनेच चिकटवा. फेविक्विकच्या वाफेने त्या धुरकट होतात.