वाचकांचे प्रश्न : विषय निवडायचा कुणी?

प्रश्न : बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हवा तो विषय घेता येतो असं ऐकलं होतं. मला रसायनशास्त्राबरोबर मानसशास्त्र शिकायचं होतं. कॉलेजने दोनच नावं सांगितली, त्यांत मानसशास्त्र नव्हतं. मग मुक्त निवड राहिली कुठे?
— विद्यार्थिनी, राजापूर

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, पण आधी मोकळीक नेमकी कुठे आहे ते पाहा. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट) लागतात, सत्राला साधारण 20 ते 22. सर्वांत मोठा वाटा मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, आणि त्यातले बहुतेक पेपर ठरलेले. त्याखालोखाल मायनर, म्हणजे जोडविषय. भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली यांचे श्रेयांक घ्यावेच लागतात. खरी मोकळी जागा ओपन इलेक्टिव्हची, म्हणजे खुल्या निवडीच्या विषयांची. ती तीन वर्षांत मिळून 10 ते 12 श्रेयांकांची असते आणि तिथे विषय मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे रसायनाच्या विद्यार्थिनीने मानसशास्त्र मागणं नियमाला धरूनच आहे.

अडतं ते शिक्षक आणि वेळापत्रकापाशी. 2 श्रेयांकांचा लेखी विषय म्हणजे 30 तास शिकवणं. तेवढ्यासाठी मानसशास्त्राचा शिक्षक हवा, त्याच्या तासांचा हिशेब बसायला हवा आणि वर्गात पुरेशी मुलं हवीत. शिवाय सगळ्या शाखांच्या ओपन इलेक्टिव्हना एकच सामाईक वेळ लागते. त्या वेळेत तुमच्या बॅचचं प्रॅक्टिकल पडलं, तर विषय कागदावर असूनही हाती लागत नाही. शहरात तो तास संध्याकाळी ढकलता येतो. पाचल, जैतापूरहून येणाऱ्या मुलांची एस.टी. चुकणार असेल तर इथे तो उपायही संपतो. निवडीचा हक्क सगळ्यांना सारखा, पण निवडीला वाव कॉलेज किती मोठं आणि घर किती लांब यावर ठरतो. आम्हाला हा सरळ अन्याय वाटतो. लहान कॉलेजांना त्यासाठी जादा शिक्षक मिळायलाच हवेत.

तोवर तुमच्या हातात दोन वाटा आहेत. पहिली, लेखी मागणी. जून-जुलैत तोंडी विचारलं तर नकारच येतो, कारण तोवर तासांचं वाटप झालेलं असतं. मार्च-एप्रिलमध्ये प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. त्यात विषय, सत्र आणि तो घ्यायला तयार असलेल्या मुलांची नावं वर्ग व हजेरी क्रमांकासह लिहा, आणि पोच घ्या. ‘तासिका तत्त्वावर शिक्षक नेमावा’ ही मागणी त्याच अर्जात असू द्या. मोघम विनंतीपेक्षा नावांची यादी प्राचार्यांना सहज पुढे पाठवता येते.

दुसरी वाट ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंतचे विषय तिथून घेऊ देण्याची मुभा आहे. अभ्यासक्रम साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. इथे मुलं फसतात ती क्रम चुकवून. आधी नोंदणी करतात, परीक्षा देतात आणि मग प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात जातात. तिथे कळतं की त्या विषयाला कॉलेजची मान्यताच नव्हती किंवा श्रेयांक जुळत नाहीत. म्हणून आधी विभागप्रमुखांकडून विषयाचं नाव, आठवडे आणि श्रेयांक लिहून घ्या. मगच नोंदणी करा. शिकणं मोफत असलं तरी परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि फी वेगळी असते. ती तारीख गेली की सत्र वाया. स्वाध्यायांच्या मुदती गणपतीच्या सुट्टीसाठी थांबत नाहीत, आणि गावी घरात माणसांची वर्दळ असताना नेमके तेच आठवडे सुटतात. नोंदणीतलं नाव, आधारवरचं नाव आणि श्रेयांक बँकेच्या (मिळवलेले श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात त्या) खात्यावरचं नाव अक्षरनअक्षर एकच हवं. ‘जोशी’च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकानेही श्रेयांक खात्यावर चढायचे राहतात.

प्रश्न : अठरा वर्षांच्या पोराला काय कळतं? सोपे विषय घेऊन मोकळा होईल. सगळे विषय विद्यापीठानेच ठरवून द्यावेत, असं मला वाटतं.
— एक पालक, दापोली

उत्तर : तुमची भीती नवी नाही. अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी 1869 पासूनच्या चाळीस वर्षांत जवळपास सगळी सक्ती काढून टाकली. अनेक विद्यार्थी मग प्राथमिक पातळीचेच विषय गोळा करत राहिले, अशी टीका झाली. 1909 मध्ये त्यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी सक्ती जशीच्या तशी परत आणली नाही. एका विषयात खोलवर जा, बाकीचे वेगवेगळ्या शाखांतून घ्या, असा नियम केला. आजचं मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे त्याच जातीचं आहे.

आमचं मत असं : विषय मुलाने निवडावा, विषयाची चढण, म्हणजे आधी काय आणि नंतर काय शिकायचं, ती मात्र विषयानेच ठरवावी. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) न शिकता भौतिक रसायनशास्त्राला बसलेला मुलगा सूत्रं पाठ करतो आणि प्रश्नातली एक अट बदलली की अडकतो. अर्थशास्त्रात गणित टाळणाऱ्याला एम.ए.ला संख्याशास्त्राच्या पेपरात तीच अडचण येते. इथे सक्ती हवी आणि ती का आहे हे पहिल्याच दिवशी वर्गात सांगायला हवं. पण भूगोल घ्यायचा की संस्कृत, हे वडिलांनी किंवा विद्यापीठाने ठरवून काय साधणार? मन नसलेल्या विषयात मुलगा पास होतो आणि वर्षभरात विसरतो. तुमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा शिक्षणाचं माध्यम मातृभाषा ठेवलं आणि अभ्यासक्रम स्त्रियांच्या गरजा पाहून वेगळा आखला. शिकणारा कोण आहे हे आधी पाहायचं, ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी करून दाखवली आहे.

सोप्या विषयांची काळजी असेल तर मुलाबरोबर उलटीकडून वाचायला बसा. त्याला पुढे जे करायचं आहे, त्याची यंदाची प्रवेश-सूचना काढा आणि पात्रतेची ओळ वाचा. एम.एस्सी.ला कोणतं मेजर चालतं, बी.एड.ला पदवीच्या कोणत्या विषयावर अध्यापन पद्धती मिळते, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. तीन-चार सूचना शेजारी ठेवल्या की कोणता विषय सोडला तर कोणतं दार बंद होतं, ते मुलगा स्वतःच सांगेल.

प्रश्न : समुद्री जीवांचा अभ्यास करायचा आहे. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करू की मत्स्यशास्त्राची पदवी?
— विद्यार्थी, मालवण

उत्तर : रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय कोकण कृषी विद्यापीठाचं आहे. तिथली बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, चार वर्षांची व्यावसायिक पदवी. तिचा अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समितीच्या चौकटीत चालतो, त्यामुळे निवडीला वाव कमी. कोळंबी संवर्धन, मत्स्यप्रक्रिया, जाळी-नौका, माशांचे रोग हे सगळं करावंच लागतं, कारण पदवीधराने उद्या तलाव किंवा हॅचरी (मत्स्यबीज केंद्र) सांभाळायची असते. प्रवाळ, खारफुटी, कासवं यांच्याकडे ओढा असेल तर प्राणिशास्त्र मेजर आणि वनस्पतिशास्त्र मायनर जास्त मोकळं. मात्र एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीला, बहुतेक ठिकाणी बी.एफ.एस्सी.च मागतात. प्राणिशास्त्राची पदवी तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

प्रश्न : वाणिज्य शाखेचं पहिलं वर्ष झालं. आता इतिहास घ्यायचा आहे. वर्ष फुकट जाईल का?
— विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : पूर्ण नाही. भाषा, मूल्यशिक्षण यांसारखे सामाईक श्रेयांक बहुधा पुढे धरले जातात, वाणिज्यातले मेजरचे नाहीत. ते किती, हे नव्या कॉलेजकडून प्रवेशाआधी लेखी घ्या. शिक्षण मध्येच थांबवणार असाल तर पहिल्या वर्षाचे 40 श्रेयांक आणि वर 4 श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम केल्यावर प्रमाणपत्र मिळतं. त्यानंतर तीन वर्षांत परतता येतं, आणि पदवी एकूण सात वर्षांच्या आत पुरी करावी लागते. जुन्या कॉलेजचा दाखला काढण्याआधी शिष्यवृत्तीचा नियम जरूर वाचा : शाखा बदलल्यावर पुन्हा पहिल्या वर्षाला बसलात, तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती नाकारली जाऊ शकते, आणि फीचे पैसे मग घरातूनच उभे करावे लागतात.