पॉलिहाउस उभारण्याआधी
पॉलिहाउसच्या, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या हरितगृहाच्या, सांगाड्याला किती खर्च येईल हे विचारण्याआधी माल कोण घेणार ते पक्कं करा. खरी कमाई बिगरहंगामी मालात आहे. बाजारात टोमॅटो, ढोबळी मिरची कमी असते तेव्हा तुमची तोडणी चालू हवी. ठिबकमुळे पाणी वाचतं, ते आहेच. मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते मजुरांना मिळणारं वर्षभराचं काम. केनियात नैवाशा तलावाकाठच्या गुलाबांच्या हरितगृहांत हजारो बायका कामाला आहेत. हंगामी मजुरीत असा नियमित पगार मिळत नाही. फवारणीनंतर लगेच कुणालाही आत पाठवू नका, बंद जागेत औषध रेंगाळतं. सकाळी पानांवर पाण्याचे थेंब दिसले की बाजूचे पडदे उघडा, नाहीतर बुरशी आलीच. आणि प्लास्टिक साधारण 3-4 वर्षांनी बदलावं लागतं; तो पैसा पहिल्या पिकापासूनच बाजूला काढत चला.