पासपोर्टच्या प्रतीवर विसंबू नका, नागरिकत्वाच्या तारखेचा कागद मिळवा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचा भाऊ जन्मदेशाकडून फुटबॉलचे अंडर-१९ आणि अंडर-२१ चे पात्रता सामने खेळलाय, आता वडिलांच्या देशाचा फुटबॉल महासंघ त्याला आपल्या राष्ट्रीय संघात बोलावतोय आणि तिथलं ऑफिस म्हणतंय, "पासपोर्टची प्रत पाठवा, बाकी आम्ही बघतो." माझ्या भाच्याच्या वेळी जवळपास याच शब्दांत हेच ऐकलं होतं.

मी वकील नाही. भाच्याच्या कागदपत्रांचं सगळं काम माझ्याकडे होतं, त्यातून जे कळलं ते सांगतोय. शिवाय नियम बदलत राहतात, त्यामुळे फिफाच्या चालू नियमावलीतलं संघबदलाचं कलम स्वतः वाचाच. मैत्रीपूर्ण सामन्याने खेळाडू त्या देशाशी बांधला जात नाही वगैरे गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच. डेक्लन राइस आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळून इंग्लंडकडे गेला, हे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या भावाचं प्रकरण वेगळं आहे, कारण त्याचे सामने अधिकृत स्पर्धेतले आहेत.

अशा वेळी सगळं एका तारखेवर येऊन ठेपतं. भाऊ जन्मदेशाकडून पहिला अधिकृत सामना खेळला, त्या दिवशी त्याच्याकडे वडिलांच्या देशाचं नागरिकत्व होतं का? होतं, आणि तो सीनियर म्हणजे मुख्य राष्ट्रीय संघाकडून अधिकृत सामना खेळलेला नाही, तर वाट बरीच मोकळी आहे. नव्हतं, तर आणखी एक अट लागते: जन्मदेशाकडून शेवटचा अधिकृत सामना खेळला तेव्हा त्याची २१ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. लोक फसतात ते इथेच. अंडर-२१ म्हणजे २१ च्या आतलाच असणार असं वाटतं. पण युरोपात त्या गटाची वयोमर्यादा पात्रता फेरी सुरू होते तेव्हाची धरतात, म्हणून मोहीम संपेपर्यंत बावीस-तेवीस वर्षांची मुलंही त्या संघात असतात. आमचा भाचा त्यातलाच. शेवटच्या सामन्याला तो बावीस वर्षांचा होता. म्हणजे पहिल्या सामन्याच्या दिवशी नागरिकत्व होतं हे सिद्ध करणं, एवढा एकच मार्ग त्याला उरला होता.

आणि ते खरोखर होतं. वडिलांमुळे जन्मापासूनच होतं, जन्माची नोंदही तिकडे वेळेत झाली होती. फक्त पासपोर्ट नंतर काढलेला, त्यामुळे त्यावरची तारीख पहिल्या सामन्यानंतरची. नागरिकत्व जन्मापासूनचं असल्याचा दाखला आमच्याकडे तयार होता. तो जोडायचा का असं मी ऑफिसला लेखी विचारलं. उत्तर आलं, "गरज नाही, पासपोर्ट पुरेसा आहे." अर्ज खेळाडूच्या सहीचा असला तरी जातो नव्या महासंघामार्फत, त्यामुळे फाइल त्यांच्या हातात. त्यांनी नुसता पासपोर्ट लावून ती पुढे पाठवली. साहजिकच फिफाकडून विचारणा आली की नागरिकत्व नेमकं केव्हापासूनचं? ती विचारणा त्या ऑफिसात पडून राहिली. आम्हाला कुणी कळवलं नाही. फोन केला की एकच उत्तर, "प्रक्रिया चालू आहे." मुलगा शिबिरात सराव करत होता, जर्सीचं माप देऊन झालं होतं, आणि संघाची यादी लागली तेव्हा त्याचं नाव नव्हतं. ज्या कागदावर सगळं अडलं होतं, तो माझ्या कपाटात होता.

एकदा अर्ज गेला की निर्णय येईपर्यंत खेळाडू कुठल्याच राष्ट्रीय संघाकडून खेळू शकत नाही. म्हणजे जुना संघ सुटलेला आणि नवा मिळालेला नाही. त्यात त्याची एक अख्खी खंडीय स्पर्धा गेली. पुढे प्रशिक्षक बदलला आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळाली. त्या ऑफिसातल्या कुणीही साधं "चुकलं" म्हटलं नाही, याचा राग मला आजही येतो. फुटबॉलपटूच्या हातात वर्षं किती असतात?

म्हणून माझं ठाम मत: महासंघाच्या तोंडी "झालं" वर एक सामनाही खेळू नका. एमिलिओ एन्सुएचं प्रकरण बघा. स्पेनच्या युवा संघांकडून खेळलेला हा खेळाडू २०१३ मध्ये इक्वेटोरियल गिनीकडे आला, केप व्हर्देविरुद्ध हॅटट्रिक केली आणि तो अपात्र ठरल्यामुळे सामनाच प्रतिस्पर्ध्यांना दिला गेला. तरी पुढे वर्षानुवर्षं तो खेळत राहिला, कर्णधार झाला, २०२३ च्या आफ्रिका चषकात सर्वाधिक गोल केले. आणि २०२४ मध्ये फिफाने सांगितलं की तो त्या देशाकडून खेळायला कधीच पात्र नव्हता. सहा महिन्यांची बंदी आली, विश्वचषक पात्रतेचे दोन सामने गेले. हे सांभाळायचं काम महासंघाचं होतं, पण बंदी खेळाडूलाही भोगावी लागली.

फिफाचा निर्णय लेखी मागा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. अर्जाबरोबर काय काय जोडलं त्याची यादीही ईमेलवर घ्या. नागरिकत्व देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून "अमुक तारखेपासून नागरिक" असा स्पष्ट दाखला घ्या आणि ते नको म्हणाले तरी जोडायलाच लावा. भाऊ कधी फुटसाल (छोट्या मैदानावरचं पाच-पाच जणांचं फुटबॉल) किंवा बीच फुटबॉलच्या अधिकृत स्पर्धेत खेळला असेल तर तेही आत्ताच सांगून टाका, कारण नियमात तेही धरतात. आणि आजी-आजोबांचा जन्मदाखला "जुळवून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मलेशियाच्या संघातल्या सात खेळाडूंचे असे दाखले बनावट असल्याचा निष्कर्ष फिफाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढला, तेव्हा खेळाडूंवरही बारा महिन्यांची बंदी घातली होती.

थोडं विषयांतर, पण लिहितोच. तुमच्या पोस्टखालच्या प्रतिक्रियांत एकाने भावाला "संधिसाधू" म्हटलंय, ते मला अजिबात पटत नाही. लुइस मोंटी १९३० ची विश्वचषक अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून, तेव्हा हा काही आजचा प्रकार नाही. उलट वाईट वागतात ते महासंघ, जे पोराला अडकवून ठेवण्यापुरतं चार मिनिटं मैदानात उतरवतात आणि मग विसरून जातात. मुनीर एल हद्दादी २०१४ मध्ये स्पेनसाठी युरो पात्रतेच्या एकाच सामन्यात, तोही बदली खेळाडू म्हणून, उतरला. त्यापायी मोरोक्कोकडून २०१८ चा विश्वचषक हुकला. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडेही दाद मिळाली नाही. २०२० मध्ये फिफाने नियम सैल केले, त्यानंतर मार्च २०२१ मध्ये तो मोरोक्कोकडून खेळला. २१ वर्षांच्या आत सीनियर संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने, त्यानंतर तीन वर्षांचा काळ, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत सहभाग नाही, आणि दुसरं नागरिकत्व आधीपासूनचं, अशा अटींवर आता सीनियर खेळाडूलाही बदल मिळू शकतो. ही सुधारणा मला अगदी योग्य वाटते, फार उशिरा झाली एवढंच.

आता दोन गोष्टी इथे लिहा: भावाच्या पहिल्या अधिकृत सामन्याची तारीख, आणि शेवटच्या सामन्याच्या दिवशी त्याचं वय. नाव, देश काही नको. तेवढ्यावरून त्याला कुठली अट लागू होते आणि कुठला दाखला आधी काढायचा, हे मला बरंचसं सांगता येईल. तोवर त्याला अर्जावर सही करू देऊ नका.